फ्रान्सिस हाल्झेन आणि दक्षिण ध्रुवावरील न्यूट्रिनो दुर्बीण

अतिउच्च ऊर्जेचे न्यूट्रिनो हे विश्वातील सर्वांत प्रचंड घडामोडींचे अवशेष आहेत. कृष्णविवरांच्या परिसरात किंवा दूरच्या दीर्घिकांच्या गाभ्यात ते जन्म घेतात आणि वाटेतले वायूचे ढग, तारे, चुंबकीय क्षेत्रे यांपैकी कशालाही न जुमानता पृथ्वीपर्यंत येतात. त्यांना पकडण्यासाठी अंटार्क्टिकातील बर्फाचाच उपयोग करावा, ही कल्पना १९८०च्या दशकाच्या अखेरीस मांडली गेली. ती तडीस नेण्याचे श्रेय प्रामुख्याने बेल्जियममध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत कार्यरत असलेले भौतिकशास्त्रज्ञ फ्रान्सिस हाल्झेन यांच्याकडे जाते. त्यांच्या पुढाकाराने दक्षिण ध्रुवावर उभ्या राहिलेल्या ‘आइसक्यूब’ या वेधशाळेने २०१३ साली सूर्यमालेबाहेरून येणाऱ्या उच्च ऊर्जेच्या न्यूट्रिनोंचा पहिला पुरावा दिला आणि खगोलशास्त्राला प्रकाशाखेरीज आणखी एक साधन मिळाले.

न्यूट्रिनो हा विद्युतभाररहित आणि जवळजवळ वस्तुमानरहित मूलकण आहे. वोल्फगांग पाउली यांनी १९३० साली त्याचे अस्तित्व सुचवले. प्रत्यक्षात तो सापडला १९५६ साली, अमेरिकेतील एका अणुभट्टीजवळ, फ्रेडरिक राइनेस आणि क्लाइड कोवन यांना. मधल्या पंचवीस-सव्वीस वर्षांचे कारण त्याच्या स्वभावात आहे. तो द्रव्याशी फक्त गुरुत्वाकर्षण आणि क्षीण आंतरक्रिया यांतूनच व्यवहार करतो. सूर्यातून निघालेले सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला पृथ्वीवरच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून आरपार जातात. त्यांतला एखादाच, तोही क्वचित, वाटेतल्या अणूला धडकतो.

सूर्याचे हे न्यूट्रिनो ऊर्जेच्या दृष्टीने किरकोळ असतात. हाल्झेन यांच्या संशोधनाचा विषय त्यांच्यापेक्षा कोट्यवधी पटींनी अधिक ऊर्जा असलेले न्यूट्रिनो हा आहे, आणि त्याचे मूळ विश्वकिरणांच्या जुन्या कोड्यात सापडते. व्हिक्टर हेस यांनी १९१२ साली बलूनमधून उंच जाऊन अवकाशातून येणाऱ्या किरणोत्साराचा शोध लावला. पुढे कळले की हे ‘किरण’ म्हणजे बहुतांशी प्रोटॉन व इतर अणुकेंद्रके आहेत आणि त्यांतल्या काहींची ऊर्जा एकावर २० शून्ये इतके इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते. जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या जगातील सर्वांत शक्तिशाली त्वरकात प्रोटॉनला मिळणारी ऊर्जा याच्या कोटीव्या भागाहूनही कमी आहे. इतकी ऊर्जा निसर्गात कुठे आणि कशी मिळते, याचे समाधानकारक उत्तर शंभर वर्षांहून अधिक काळ मिळाले नाही. प्रोटॉनवर विद्युतभार असल्यामुळे अंतराळातील चुंबकीय क्षेत्रे त्याचा मार्ग सतत वाकवत राहतात. तो पृथ्वीवर ज्या दिशेने येऊन पोचतो, तिचा त्याच्या जन्मस्थानाशी संबंध उरलेला नसतो.

प्रकाशाची अडचण वेगळी. गॅमा किरण सरळ येतात, पण फार उच्च ऊर्जेचे गॅमा किरण विश्वात सर्वत्र भरलेल्या मंद प्रकाशाशी टक्कर होऊन वाटेतच नष्ट होतात. शिवाय कृष्णविवराच्या अगदी जवळ वायू आणि प्रकाश यांची इतकी दाटी असते, की तिथून गॅमा किरण बाहेरच पडू शकत नाहीत. न्यूट्रिनोला या दोन्ही अडचणी नाहीत. तो सरळ येतो आणि दाट आवरणातूनही निसटतो.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो प्रोटॉनची साक्ष घेऊन येतो. वेगवान प्रोटॉन वायूवर किंवा तीव्र प्रकाशावर आदळला की पायॉन नावाचे अल्पायुषी कण तयार होतात. विद्युतभारित पायॉनांच्या विघटनातून न्यूट्रिनो निघतात, भाररहित पायॉनांपासून गॅमा किरण. गॅमा किरण नुसत्या वेगवान इलेक्ट्रॉनांपासूनही तयार होऊ शकतात, म्हणून ते दिसले तरी प्रोटॉनबद्दल ठाम काही सांगता येत नाही. उच्च ऊर्जेचे न्यूट्रिनो मात्र प्रोटॉन किंवा अणुकेंद्रकांना गती देणाऱ्या ठिकाणीच निपजतात. साधारणपणे मूळ प्रोटॉनच्या ऊर्जेचा विसावा हिस्सा एका न्यूट्रिनोच्या वाट्याला येतो, त्यामुळे न्यूट्रिनोच्या ऊर्जेवरून प्रोटॉनला किती ऊर्जा मिळाली होती याचाही अंदाज बांधता येतो.

सिद्धांत इतका स्वच्छ असला तरी प्रत्यक्ष प्रयोगाचा आकार भीतिदायक होता. दूरच्या विश्वातून येणाऱ्या अशा न्यूट्रिनोंची अपेक्षित संख्या आणि त्यांच्या धडकेची शक्यता यांचा हिशेब मांडला, की वर्षाकाठी मोजक्या नोंदी मिळवण्यासाठीही सुमारे एक घन किलोमीटर पारदर्शक पदार्थ लागतो. वजनात सांगायचे तर जवळपास १०० कोटी टन. एवढी टाकी बांधणे अशक्य. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ मोइसेई मार्कोव्ह यांनी १९६० सालीच सुचवले होते, की खोल सरोवरात किंवा समुद्रात प्रकाश टिपणारी उपकरणे सोडावीत आणि निसर्गाचेच पाणी वापरावे.

न्यूट्रिनो धडकल्यावर प्रकाश कसा निर्माण होतो, हे इथे सांगायला हवे. पाण्यात किंवा बर्फात प्रकाशाचा वेग निर्वातातील वेगाच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो. धडकेतून उडालेला विद्युतभारित कण त्याहून वेगाने धावू शकतो, आणि तसा धावला की त्याच्याभोवती निळसर प्रकाशाचा शंकू पसरतो. याला चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात. न्यूट्रिनोचे तीन प्रकार आहेत. त्यांपैकी म्युऑन-न्यूट्रिनो धडकला तर म्युऑन जन्मतो आणि तो बर्फातून किलोमीटरभर सरळ रेषेत जाऊ शकतो. या प्रकाशरेषेवरून न्यूट्रिनोची दिशा एका अंशाहूनही बारकाईने काढता येते. इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोच्या धडकेत मात्र ऊर्जा थोड्याच जागेत खर्ची पडते आणि प्रकाशाचा जवळपास गोल स्फोट दिसतो. त्यातून ऊर्जा चांगली मोजता येते, पण दिशा ढोबळच राहते.

वातावरणात विश्वकिरणांमुळे तयार होणारे न्यूट्रिनो प्रथम सापडले ते १९६५ साली, आणि त्या शोधात भारताचा वाटा मोठा आहे. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २,३०० मीटर खोलीवर, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, जपानमधील ओसाका आणि इंग्लंडमधील डरॅम येथील विद्यापीठे यांच्या गटाने ही नोंद केली. एम. जी. के. मेनन हे त्या गटाच्या अग्रणींपैकी एक होते. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतील एका सोन्याच्या खाणीत राइनेस यांच्या गटालाही असे न्यूट्रिनो मिळाले. भारतीय विज्ञानाच्या इतिहासात कोलारच्या या प्रयोगाची आठवण जितकी ठेवली जायला हवी, तितकी ठेवली जात नाही.

मार्कोव्ह यांची कल्पना समुद्रात आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न हवाई बेटांजवळ झाला. ‘ड्युमंड’ या नावाने १९७०च्या दशकात सुरू झालेल्या या प्रकल्पात जवळपास पाच किलोमीटर खोल समुद्रात उपकरणांच्या माळा सोडायच्या होत्या. डिसेंबर १९९३ मध्ये तळाशी बसवलेल्या यंत्रणेत पाणी शिरले आणि १९९५ साली प्रकल्प गुंडाळला गेला. तरीही तंत्राचा पाया ड्युमंडनेच घातला आणि पुढच्या प्रत्येक प्रकल्पाने त्याचा आधार घेतला.

फ्रान्सिस हाल्झेन या क्षेत्रात आले ते सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडून. त्यांचा जन्म १९४४ साली बेल्जियममधील टीनेन येथे झाला. लूव्हें विद्यापीठात शिक्षण आणि ‘सर्न’ या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेत काही काळ काम झाल्यावर १९७०च्या दशकाच्या प्रारंभी ते अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील केंद्रात आले आणि तिथेच स्थिरावले. कणभौतिकी शिकणाऱ्या कित्येक पिढ्यांना ते ॲलन मार्टिन यांच्यासह लिहिलेल्या, क्वार्क आणि लेप्टॉन या मूलकणांवरील पाठ्यपुस्तकामुळे माहीत आहेत. कागदावर गणित मांडणाऱ्या माणसाने शेकडो इंजिनिअर, ड्रिल चालवणारे तंत्रज्ञ आणि मालवाहू विमाने यांचा प्रकल्प हाती घ्यावा, हे विज्ञानात वारंवार घडत नाही.

अंटार्क्टिकातील व्होस्तोक स्थानकावर रशियन संशोधक रेडिओ अँटेनांच्या मदतीने बर्फातले न्यूट्रिनो टिपण्याचा प्रयत्न करत आहेत, असे हाल्झेन यांच्या कानावर आले होते. बर्फात रेडिओ लहरी शोधता येत असतील तर थेट प्रकाशच का शोधू नये, असा विचार त्यांनी केला. ड्युमंडमधील जॉन लर्नेड यांच्यासह त्यांनी १९८८ साली ध्रुवीय बर्फाची ही योजना मांडली. बर्फाचे फायदे उघड होते. समुद्राच्या पाण्यातील किरणोत्सारी पोटॅशियम आणि चमकणारे जीव यांच्यामुळे तिथे मागचा प्रकाश कायम असतो. खोल बर्फात काळाकुट्ट अंधार. समुद्रात काम करायला जहाज लागते, बर्फावर उभे राहून काम करता येते. आणि दक्षिण ध्रुवावर अमेरिकेचे अमुंडसेन–स्कॉट स्थानक आधीपासून होतेच. त्याच्याखाली जवळपास तीन किलोमीटर जाडीचा बर्फ आहे.

फक्त एक गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती: किलोमीटरभर खोल बर्फ कितपत पारदर्शक असतो? बर्कली येथील बुफर्ड प्राइस यांच्या गटाने १९९० साली ग्रीनलँडच्या बर्फात प्रकाशसंवेदी नळ्या सोडून म्युऑनांचा प्रकाश टिपला. त्यावरून हुरूप आला आणि ‘अमांडा’ नावाने दक्षिण ध्रुवावर काम सुरू झाले. १९९३-९४च्या उन्हाळ्यात ८०० ते १,००० मीटर खोलीवर उपकरणांच्या चार माळा सोडल्या गेल्या, आणि त्यांतून आलेली माहिती पाहून सगळेच हबकले. प्रकाश काही सरळ जात नव्हता. शतकानुशतके साचत गेलेल्या बर्फाबरोबर हवाही अडकली होती आणि तिचे सूक्ष्म बुडबुडे प्रकाश सर्व दिशांना विखुरत होते. घरच्या फ्रीजमध्ये गोठलेला बर्फ मधोमध पांढरा दिसतो, त्यामागे हेच कारण असते. अमांडाच्या पहिल्या माळांभोवती प्रकाशाची दिशा एक मीटर जाण्याआधीच हरवत होती. अशा बर्फातून न्यूट्रिनोची दिशा काढणे शक्य नव्हते.

त्याच मोजणीत एक आनंदाची गोष्टही दडलेली होती. प्रकाश विखुरत होता, पण शोषला जात नव्हता. शोषले जाण्याआधी तो शंभर मीटरच्याही पलीकडे जात होता. प्रयोगशाळेत बनवलेल्या बर्फावरून कोणीही इतकी अपेक्षा केली नव्हती. म्हणजे बर्फ शुद्ध होता, अडथळा केवळ बुडबुड्यांचा होता. आणि बुडबुड्यांवरचा उपाय निसर्गाकडेच होता. खोलीबरोबर दाब वाढतो आणि सुमारे १,४०० मीटरच्या खाली बुडबुड्यांतली हवा बर्फाच्या स्फटिकरचनेतच सामावली जाते. अशा बर्फात प्रकाशाला अडणारी पोकळी उरत नाही. म्हणून पुढच्या माळा १,५०० मीटरच्या खाली सोडण्यात आल्या. २००० साली पूर्ण झालेल्या अमांडाच्या १९ माळांवर ६७७ संवेदक होते आणि त्यांनी वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो खात्रीने टिपले. दूरच्या विश्वातला मात्र एकही ओळखता आला नाही. आकार कमी पडत होता, हे सिद्ध झाले. मूळ हिशेबाप्रमाणे एक घन किलोमीटरच हवा होता.

आइसक्यूबची पहिली माळ जानेवारी २००५ मध्ये बर्फात उतरली आणि शेवटची १८ डिसेंबर २०१० रोजी. एकूण ८६ छिद्रे, प्रत्येकात ६० संवेदकांची एक माळ, असे ५,१६० संवेदक १,४५० ते २,४५० मीटर खोलीवर बसवलेले आहेत. बहुतेक माळा एकमेकींपासून १२५ मीटर अंतरावर आहेत आणि एका माळेवरचे संवेदक १७ मीटरवर. खर्च सुमारे २८ कोटी डॉलर आला. त्यातला मोठा वाटा अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने उचलला.

छिद्र पाडण्याची रीत पाहण्यासारखी आहे. वरचा सुमारे ५० मीटरचा थर घट्ट बर्फाचा नसून दाबलेल्या हिमाचा असतो. त्यात गरम पाणी सोडले तर ते झिरपून जाते. म्हणून आधी आतून गरम द्रव फिरणाऱ्या तांब्याच्या नळ्यांचे एक शंकूसारखे यंत्र खाली उतरवून वाट काढतात. घट्ट बर्फ लागला की मग जवळपास ९० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याचा जोरदार झोत सोडणारा नळ आपल्याच वजनाने खाली सरकत जातो. दीड-दोन दिवसांत सुमारे ६० सेंटिमीटर रुंदीचे आणि अडीच किलोमीटर खोलीचे, पाण्याने भरलेले छिद्र तयार होते. पाणी पुन्हा गोठायला लागण्याआधी माळ उतरवावी लागते, आणि त्यासाठी दहा-बारा तास सलग काम चालते. तंत्रज्ञ एकेक संवेदक केबलला जोडतात, जोडणी तपासतात आणि तो पाण्यात सोडतात. हे सगळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या मोजक्या महिन्यांत उरकायचे. एरवी थंडीमुळे ध्रुवावर नेहमीची विमाने उतरत नाहीत. इंधनाच्या पिंपांपासून केबलच्या रिळांपर्यंत प्रत्येक वस्तू बर्फावर उतरणाऱ्या हर्क्युलिस विमानांनी आणावी लागली.

प्रत्येक संवेदक म्हणजे सुमारे ३३ सेंटिमीटर व्यासाचा जाड काचेचा गोळा. त्यात २५ सेंटिमीटर व्यासाची, खाली तोंड केलेली प्रकाशसंवेदी नळी असते. प्रकाशाचा एकच कण पडला तरी ती विजेचा स्पंद देते. सोबत स्वतःचा छोटा संगणक असतो. तो स्पंदाचा आकार आणि वेळ काही अब्जांश सेकंदांच्या अचूकतेने नोंदवून पृष्ठभागावर पाठवतो. शिवाय बारा एलईडी दिवे असतात. ते लावून एका संवेदकाने दुसऱ्याकडे प्रकाश पाठवला की मधल्या बर्फाची तपासणी होते. छिद्र एकदा गोठले की बिघडलेला संवेदक काढून दुरुस्त करण्याची सोय नाही. असे असूनही ९८ टक्क्यांहून अधिक संवेदक आजही चालू आहेत. या वेधशाळेचे हे यश तिच्या शोधांइतकेच मोलाचे मानायला हवे.

बर्फाचा अभ्यास तर कधी संपलाच नाही. सुमारे दोन किलोमीटर खोलीवर धुळीचा एक ठळक थर लागला. तो हजारो वर्षांपूर्वीच्या हिमयुगातील धुळीचा आहे आणि तिथे प्रकाश लवकर शोषला जातो. बर्फ ज्या दिशेने वाहतो, त्या दिशेला प्रकाश थोडा अधिक सहज पुढे जातो, असेही आढळले. ध्रुवावरचा बर्फ वर्षाला सुमारे दहा मीटर सरकतो आणि त्याच्यासोबत सगळी वेधशाळाही. या साऱ्याचे गणित बसवल्याशिवाय एकाही न्यूट्रिनोची दिशा नेमकी सांगता येत नाही. आइसक्यूबच्या इतिहासात बर्फ ओळखण्याला न्यूट्रिनो ओळखण्याइतकेच महत्त्व आहे. अमांडाच्या पहिल्या अपयशाने घालून दिलेला हा धडा या गटाने कधी सोडला नाही.

वेधशाळेचे खरे काम म्हणजे गर्दीतून निवड. वरच्या वातावरणात विश्वकिरणांमुळे तयार झालेले म्युऑन दर सेकंदाला तीन हजारांच्या आसपास आइसक्यूबमधून जातात. वातावरणातच जन्मलेले न्यूट्रिनो दिवसाला दोन-तीनशे नोंदवले जातात. आणि दूरच्या विश्वातून आलेले, खात्रीने ओळखता येणारे, वर्षाकाठी मोजकेच. पहिला गाळणीचा उपाय म्हणजे खालून वर येणारे कण निवडणे. अख्खी पृथ्वी भेदून म्युऑन येऊ शकत नाही. न्यूट्रिनोच येऊ शकतो. म्हणजे दक्षिण ध्रुवावरची ही दुर्बीण प्रामुख्याने उत्तरेचे आकाश पाहते, तेही पायाखालून. दुसरा उपाय ऊर्जेचा. वातावरणातल्या न्यूट्रिनोंची संख्या ऊर्जा वाढेल तशी झपाट्याने घटते, तेव्हा फार मोठी ऊर्जा दिसली तर कण दूरचा असण्याची शक्यता वाढते.

पहिले यश अनपेक्षितपणे आले. जपानच्या चिबा विद्यापीठातील आया इशिहारा आणि त्यांचे सहकारी सर्वोच्च ऊर्जेचे विश्वकिरण वाटेतल्या प्रकाशाला धडकून निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या शोधात होते. ते मिळाले नाहीत. पण ऑगस्ट २०११ आणि जानेवारी २०१२ मधल्या दोन नोंदी हाती लागल्या, प्रत्येकी एक पेटा-इलेक्ट्रॉनव्होल्टहून किंचित अधिक ऊर्जेच्या. एक पेटा म्हणजे एकावर १५ शून्ये. तोपर्यंत इतक्या ऊर्जेचा न्यूट्रिनो कोणी पाहिला नव्हता. ‘सेसमी स्ट्रीट’ या बालमालिकेतील पात्रांवरून त्यांची नावे बर्ट आणि अर्नी अशी पडली. जून २०१२ मध्ये क्योटोच्या परिषदेत ही माहिती जाहीर झाली.

त्यानंतर शोधाची पद्धत बदलली. वेधशाळेचा बाहेरचा थर पहारेकरी समजून, ज्यांचा प्रकाश आतल्या भागातच सुरू झाला अशाच नोंदी निवडल्या गेल्या. बाहेरून आत शिरणारा म्युऑन पहाऱ्यात सापडतो. आत येऊन धडकणारा न्यूट्रिनो सापडत नाही. मे २०१० ते मे २०१२ या दोन वर्षांत अशा २८ नोंदी मिळाल्या. वातावरणातून त्यांतल्या साधारण ११ अपेक्षित होत्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकाने हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षीच्या नोंदी मिळवल्यावर संशयाला जागा उरली नाही. हाल्झेन यांना २०१५ साली खगोलकण-भौतिकीसाठीचा बाल्झान पुरस्कार मिळाला.

मग प्रश्न उरला उगमाचा. २८ नोंदींच्या दिशा आकाशभर विखुरल्या होत्या. २०१६ पासून आइसक्यूबने एक वेगळी व्यवस्था सुरू केली: महत्त्वाचा न्यूट्रिनो आला की जगभरच्या दुर्बिणींना तत्काळ सूचना द्यायची. २२ सप्टेंबर २०१७ रोजी सुमारे २९० टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (एक टेरा म्हणजे एकावर १२ शून्ये) ऊर्जेच्या न्यूट्रिनोने बर्फात म्युऑनची रेषा ओढली. सूचना ४३ सेकंदांत बाहेर पडली. दिशा मृग नक्षत्राकडची होती. काही दिवसांतच गॅमा किरण टिपणाऱ्या ‘फर्मी’ उपग्रहाच्या निरीक्षकांच्या लक्षात आले, की त्याच दिशेला असलेला टीएक्सएस ०५०६+०५६ हा ब्लेझर नेहमीपेक्षा प्रखर झाला आहे. ब्लेझर म्हणजे अशी दीर्घिका, जिच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवरातून निघणारा कणांचा झोत नेमका आपल्याकडे रोखलेला असतो. ला पाल्मा बेटावरच्या ‘मॅजिक’ दुर्बिणींनीही तिथून अतिउच्च ऊर्जेचे गॅमा किरण टिपले. हा न्यूट्रिनो सुमारे चार अब्ज वर्षे प्रवास करून आला होता.

संशोधकांनी जुन्या नोंदी उघडल्या. त्याच दिशेने २०१४ च्या अखेरीपासून २०१५ च्या प्रारंभापर्यंत, काही महिन्यांच्या अवधीत, अपेक्षेपेक्षा डझनभर अधिक न्यूट्रिनो आलेले आढळले. जुलै २०१८ मध्ये दोन्ही निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध झाले. मात्र एक पेच राहिला: २०१४-१५ च्या त्या काळात हा ब्लेझर गॅमा किरणांत शांत होता. न्यूट्रिनो आणि गॅमा किरण एकाच धडकेतून निघतात तर दोन्ही एकदम वाढायला हवे होते. या ब्लेझरविषयीचा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटला असे समजून लिहिणे चुकीचे ठरेल.

नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष अधिक भक्कम आहे. तिमिंगल तारकासमूहातील एनजीसी १०६८, म्हणजेच मेसिए ७७, ही दीर्घिका आपल्यापासून सुमारे ४.७ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. २०११ ते २०२० या काळातील नोंदींत तिच्या दिशेने सुमारे ७९ न्यूट्रिनो अधिक मिळाले. हा केवळ योगायोग असण्याची शक्यता लाखात एक. विशेष म्हणजे तिच्याकडून न्यूट्रिनोंच्या तोडीच्या ऊर्जेचे गॅमा किरण दिसत नाहीत. तिच्या केंद्रातील कृष्णविवर धूळ आणि वायूच्या जाड कड्याआड दडलेले आहे. कृष्णविवराच्या अगदी निकटच्या, क्ष-किरणांनी भरलेल्या भागात न्यूट्रिनो तयार होतात आणि सोबतचे गॅमा किरण तिथेच अडकून कमी ऊर्जेच्या किरणांत रूपांतरित होतात, असे स्पष्टीकरण दिले जाते. प्रकाशाला बंद असलेल्या जागेतून न्यूट्रिनो बातमी आणतील, हे भाकीत इथे प्रत्यक्ष उतरलेले दिसते. हाल्झेन यांच्या साऱ्या प्रकल्पाची सार्थकता सांगायला एवढा एक निष्कर्ष पुरेसा आहे.

आपली आकाशगंगा न्यूट्रिनोंमध्ये दिसली ती २०२३ साली. तिचा मध्यभाग दक्षिण आकाशात असल्याने त्या दिशेला वातावरणातील म्युऑनांची गर्दी आड येते. ती टाळण्यासाठी रेषांऐवजी गोल स्फोटांच्या नोंदी घेतल्या गेल्या आणि दहा वर्षांच्या माहितीतून यंत्रशिक्षणाच्या आधारे जवळपास ६०,००० नोंदी निवडल्या गेल्या. त्यांतून आकाशगंगेच्या पट्ट्याची खूण उमटली. पण तिचा वाटा एकूण विश्वन्यूट्रिनोंच्या साधारण दहा टक्केच भरला. दृश्य प्रकाशात पाहा की रेडिओ लहरींत, आपल्या डोळ्यांना आपली आकाशगंगाच सर्वांत ठळक दिसते. न्यूट्रिनोंत मात्र दूरच्या दीर्घिका तिच्यावर मात करतात. मागच्या काही दशलक्ष वर्षांत आपल्या दीर्घिकेत तशी प्रखर घडामोड झालेली नसावी, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

या वेधशाळेने कणभौतिकीचेही काम केले. शेल्डन ग्लॅशो यांनी १९६० साली भाकीत केले होते, की प्रति-न्यूट्रिनोची ऊर्जा ६.३ पेटा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ असेल तर तो इलेक्ट्रॉनला धडकून डब्ल्यू बोसॉन निर्माण करेल. अशी ऊर्जा कोणत्याही त्वरकाच्या आवाक्यात नाही. ८ डिसेंबर २०१६ रोजी आइसक्यूबमध्ये नोंदलेला स्फोट याच प्रकारचा असल्याचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला.

आज आइसक्यूबमध्ये चौदा देशांतील चारशेहून अधिक शास्त्रज्ञ काम करतात. उत्तर गोलार्धात रशियाच्या बैकाल सरोवरात आणि भूमध्य समुद्रात अशाच दुर्बिणी वाढत आहेत. सिसिलीजवळच्या समुद्रात सुमारे साडेतीन किलोमीटर खोल असलेल्या ‘केएमथ्रीनेट’च्या संवेदकांनी १३ फेब्रुवारी २०२३ रोजी अंदाजे २२० पेटा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रिनो नोंदवला. तो आजवरचा सर्वाधिक ऊर्जेचा. ही दुर्बीण त्या वेळी अर्धवटच बांधून झाली होती, तर आइसक्यूबला दशकाहून अधिक काळात त्याच्या जवळपास जाणारी एकही नोंद मिळाली नव्हती. दोन्हींचा मेळ घालण्याचे काम चालू आहे. ध्रुवावर आइसक्यूबच्या सुमारे आठपट आकाराच्या पुढच्या वेधशाळेचा आराखडा तयार आहे. एनजीसी १०६८, तो ब्लेझर आणि आकाशगंगा हे सगळे जमेस धरूनही पृथ्वीवर येणाऱ्या उच्च ऊर्जेच्या बहुसंख्य न्यूट्रिनोंचा उगम अद्याप ठरलेला नाही.